कोल्हापुरी चप्पल दुबईला पाठवताना: अकरा घरं, एक करार आणि बरेच कागद

आमच्या घरात आई वेणी घालते. चपलेच्या पट्ट्यावरची चामड्याची बारीक वेणी असते ना, ती. वडील तळ कापतात, शिवतात. मी बी.कॉम. केलं, म्हणून कागदपत्रं माझ्या गळ्यात पडली. कागल भागातली सात आणि निपाणीकडची चार अशा अकरा घरांचा माल आम्ही आता एकत्र दुबईला पाठवतो. पहिल्या खेपेत मी इतक्या चुका केल्या की दुबईच्या व्यापाऱ्यानं साडेचारशे डॉलर कापून घेतले. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

तुम्ही चपला करत नसाल तरी चालेल. पितळेची भांडी, पैठणीच्या कापडाच्या पिशव्या, लाकडी खेळणी, काहीही असो, पायऱ्या जवळपास याच आहेत. कोड आणि मंडळं तेवढी बदलतात.

१. आधी गणित करा: कराराचा तुम्हाला फायदा आहे का?

भारत आणि संयुक्त अरब अमिरातीचा सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १८ फेब्रुवारी २०२२ रोजी झाला आणि १ मे २०२२ पासून लागू झाला. धंद्यातले लोक त्याला ‘सेपा’ म्हणतात. आखाती देशांत बहुतेक मालावर ५ टक्के आयात शुल्क असतं, चामड्याच्या पादत्राणांवरही होतं. सेपाखाली आमच्या मालावर ते शून्य झालं.

५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. आमच्या पहिल्या खेपेचं गणित मांडते. ६०० जोड, बंदरापर्यंत पोहोचवून जोडी १४ डॉलर, म्हणजे ८,४०० डॉलर. त्यात जहाजभाडं आणि विमा धरून दुबईत पोचलेली किंमत झाली ८,८०० डॉलर. शुल्क लागतं ते या पोचलेल्या किमतीवर, म्हणून ५ टक्के झाले ४४० डॉलर. आमचा अख्ख्या खेपेचा नफा याच्या दुपटीलाही पोचत नव्हता.

इथे दोन गैरसमज होतात. पहिला, करार आहे म्हणजे सूट आपोआप मिळते. मिळत नाही. आयातदारानं ती मागावी लागते, आणि मागायला त्याच्या हातात तुमच्याकडून गेलेलं मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं. दुसरा, शुल्क माफ म्हणजे सगळंच माफ. अमिरातीत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे, तो वेगळा आणि तो लागतोच. व्यापाऱ्याशी बोलताना ‘शुल्क’ आणि ‘व्हॅट’ हे शब्द वेगवेगळे वापरा, नाहीतर दोघांचं गणित जुळत नाही.

अजून एक. दुबईचा करार म्हणजे सगळ्या आखाताचा करार नव्हे. तुमचा माल दुबईत उतरून पुढे सौदीला जाणार असेल तर तिथे सेपा चालत नाही.

इतर देशांचंही एकदा तपासा. शेजारी म्हणून लोकांचं लक्ष आधी साफ्टाकडे जातं, म्हणजे सार्क देशांचा २००६ पासूनचा करार. पण त्यात प्रत्येक देशाच्या ‘संवेदनशील याद्या’ आहेत आणि त्या यादीत तुमचा माल असेल तर सवलत नाही. श्रीलंकेशी वेगळा करार २००० पासून आहे, आसियान देशांशी मालाचा करार २०१० पासून, ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर २०२२ पासून. स्वित्झर्लंडची गंमत अशी, की १ जानेवारी २०२४ पासून त्यांनी औद्योगिक मालावरचं शुल्क सगळ्यांसाठीच काढून टाकलं. तिथे चप्पल पाठवायला कराराचा कागद नसला तरी शुल्क शून्यच. म्हणून आधी शुल्क किती ते बघा, करार मग.

२. एकटं जायचं की मिळून?

एका घरात महिन्याला पन्नास-साठ जोड निघतात. व्यापारी विचारतो सहाशे, तेही एकाच मापात, एकाच रंगात. एकट्यानं जमत नाही. आमच्या आजोबांच्या काळी हा माल गोळा करायचं काम व्यापारी करत आणि मधला पैसाही तेच ठेवत.

मिळून काम करायचे तीन मार्ग आम्ही पाहिले. एक, कुणातरी एकाची फर्म सगळ्यांकडून विकत घेते आणि निर्यात करते. हे सगळ्यात सोपं, पण मग तो एकजण व्यापारीच होतो. दोन, सहकारी संस्था. आपल्याकडे सहकाराची सवय आहे, पण आमची चार घरं कर्नाटकात होती. महाराष्ट्राच्या कायद्याखालची संस्था हद्द ओलांडून काम करायला अडते आणि बहुराज्य संस्थेचा पसारा आमच्यासारख्यांना मोठा. तीन, उत्पादक कंपनी. शेतकरी उत्पादक कंपन्या सगळ्यांना माहीत असतात, पण कायद्यातल्या ‘प्राथमिक उत्पादना’च्या व्याख्येत हातमाग, हस्तकला आणि कुटीरोद्योगही येतात हे फार कमी जणांना माहीत असतं. किमान दहा उत्पादक लागतात. आमची अकरा घरं होती. सीएनं हे सांगितलं तेव्हा निपाणीचे मामा म्हणाले, “एक घर रुसलं तरी कंपनी टिकती म्हणा की.”

आम्हाला कंपनी उभी करायला अडीच महिने लागले. ज्यांना घाई आहे त्यांनी पहिल्या मार्गानं सुरुवात करावी, पण मालाचा दर आणि फायद्याची वाटणी साध्या कागदावर का होईना, लिहून सह्या घ्याव्या. नातेवाईकांत लिहायला लाज वाटते. पुढे भांडायला वाटत नाही.

हद्दीपलीकडे कामं वाटून घेत असाल तर एक सापळा लक्षात ठेवा. अर्धवट माल दुसऱ्या राज्यात कामासाठी पाठवताना किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल लागतं. ‘पन्नास हजाराच्या आत आहे, काही लागत नाही’ ही समजूत राज्याच्या आतली. आम्ही कापलेल्या पट्ट्यांची दोन पोती स्कूटरवर बांधून निपाणीला पाठवली आणि पोरगा हद्दीवर तीन तास बसून राहिला. तेव्हापासून जॉबवर्कचं चलन आणि ई-वे बिल पोत्यासोबतच जातं.

३. नोंदण्या, याच क्रमानं

क्रम चुकला की एका कागदासाठी दुसरा अडतो.

पॅन, चालू खातं आणि उद्यम नोंदणी आधी करा. उद्यम फुकट आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. मग जीएसटी.

त्यानंतर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये फी भरून मिळतो. दहा अक्षरी असतो आणि तुमचा पॅनच तुमचा आयईसी होतो. एकदा काढला की आयुष्यभराचा, हे अर्धसत्य आहे. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये संकेतस्थळावर जाऊन माहिती अद्ययावत करावी लागते. काहीच बदल नसला तरी ‘बदल नाही’ असं सांगायला जावं लागतं. न केल्यास कोड निष्क्रिय होतो, आणि ते तुम्हाला कळतं माल बंदरावर उभा असताना.

मग एडी कोड. तुमच्या बँकेच्या परकीय चलन शाखेचा हा क्रमांक. बँक पत्र देते, ते कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवायचं. नोंदणी प्रत्येक बंदरासाठी वेगळी असते. न्हावा शेवाची केली म्हणजे मुंबई विमानतळाची झाली असं नाही. आम्ही फक्त न्हावा शेवाची केली होती. व्यापाऱ्यानं तातडीनं वीस जोड विमानानं मागितले आणि पेटी आठवडाभर पडून राहिली. सुरुवातीलाच दोन्हीकडची नोंदणी करून ठेवा.

एलयूटी, म्हणजे हमीपत्र, जीएसटी पोर्टलवर भरायचं असतं, नमुना आरएफडी-११. हे दिलं की निर्यातीच्या बिलावर जीएसटी न लावता माल पाठवता येतो. हे दर आर्थिक वर्षाला नव्यानं भरावं लागतं. ३१ मार्चला जुनं संपतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माल निघणार असेल तर आधी हे बघा.

शेवटी आरसीएमसी, म्हणजे निर्यात प्रोत्साहन परिषदेचं सदस्यत्व. चामड्यासाठी चर्म निर्यात परिषद आहे, हस्तकलेसाठी वेगळी. प्रत्येक परिषदेची फी वेगळी. परिषदेकडून प्रदर्शनांची खबर मिळते, काही योजनांना हे प्रमाणपत्र लागतं. पहिल्या नमुन्याच्या खेपेसाठी मात्र याच्यावाचून अडत नाही, माझ्या मते दुसऱ्या खेपेआधी घेतलं तरी चालतं.

पुढच्या कामासाठी वर्ग तीनची डिजिटल सही किंवा आधारवरची ई-सही लागते. तीही इथेच घेऊन ठेवा.

४. कोड: सहा आकड्यांचं दैव

जगभर मालाला एचएस कोड असतो, पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे. चामड्याच्या पादत्राणांचं शीर्षक ६४०३. त्यात ६४०३२० ची व्याख्या वाचली तेव्हा मला हसू आलं: चामड्याचा तळ आणि वर पायाच्या पाठीवरून आडवे व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. कुणीतरी कोल्हापुरी समोर ठेवूनच लिहिलं असावं असं वाटतं.

पण गाडी इथेच घसरते. हल्ली बरेच कारागीर तळाला रबराचा थर चिकटवतात, टिकते आणि घसरत नाही म्हणून. बाहेरचा तळ रबराचा झाला की ६४०३२० राहत नाही, ६४०३ मधल्याच दुसऱ्या ओळीत जातो. पट्टाही रेक्झिनचा केला तर ६४०२. तीन प्रकारच्या चपला एकाच बिलात ‘कोल्हापुरी चप्पल’ म्हणून टाकल्या तर दुबईतला अधिकारी पेटी उघडून तळ उलटा करून बघतो. आम्ही आता बिलावर प्रत्येक प्रकार वेगळ्या ओळीत लिहितो.

कोड मिळाला की करारातल्या शुल्काच्या परिशिष्टात तो शोधा आणि त्यासमोर सवलत कधीपासून आहे ते स्वतः वाचा. एजंट ‘झिरो आहे मॅडम’ म्हणतो, पण ती ओळ त्यानं वाचलेली असतेच असं नाही.

५. मूळ देशाचं प्रमाणपत्र: इथे आमचे पैसे गेले

हा भाग सावकाश वाचा.

मूळ देशाची प्रमाणपत्रं, एजंटच्या भाषेत ‘सीओओ’, दोन प्रकारची असतात. एक साधं, सवलत नसलेलं. ते व्यापारी चेंबरकडूनही मिळतं आणि फक्त सांगतं की माल भारतातला आहे. दुसरं सवलतीचं, ठरावीक कराराच्या नमुन्यात, सरकारनं नेमलेल्या संस्थेकडून मिळणारं. शुल्काची सूट दुसऱ्यावरच मिळते.

पहिल्या खेपेला मला हा फरक माहीत नव्हता. एजंटनं विचारलं, “सीओओ काढायचं ना?” मी हो म्हटलं. त्यानं साधं काढलं, शिक्का-सही सगळं छान. दुबईत व्यापाऱ्यानं ते दाखवलं आणि त्याला ५ टक्के भरावे लागले. त्यानं ते आमच्या उरलेल्या रकमेतून वजा केले. चूक माझी होती, भांडता येईना. म्हणून एजंटला लेखी सांगा: ‘भारत-अमिराती सेपाखालचं सवलतीचं प्रमाणपत्र.’ नुसतं ‘सीओओ’ म्हणू नका.

अर्ज विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन व्यासपीठावर होतो. करार निवडायचा, जारी करणारी संस्था निवडायची (आम्ही निर्यात तपासणी संस्थेचं मुंबई कार्यालय निवडलं), मालाचा तपशील, बिल आणि खर्चाचं विवरण जोडायचं, डिजिटल सही करायची.

खरी मेहनत खर्चाच्या विवरणाची. माल भारतात ‘बनला’ हे सिद्ध करायचं असतं. बाहेरून आलेल्या सामानाचा वाटा किती आणि त्यावर इथे पुरेसं काम झालं का, याचे प्रत्येक कोडसाठी नियम आहेत. आम्हाला वाटलं, आमच्याकडे कसलं परदेशी सामान? म्हशीचं चामडं चेन्नईचं, शेळीचंही तिकडचंच, दोरा इथला, हात आमचे. मग आईनं ‘बक्कलनाळी’ या प्रकारच्या चपलेचं बक्कल पुढे केलं. पुड्यावर चिनी अक्षरं. जोडीला बारा रुपयांचं सामान, पण विवरणात ते ‘आयात सामान’ म्हणून लिहावं लागतं. वाटा इतका लहान की पात्रतेला धक्का लागत नाही, पण लपवलेलं सापडलं तर पुढचे सगळे अर्ज संशयात येतात.

विवरण साधारण असं करा, एका जोडीमागे:
तळाचं चामडं किती, कुठून, बिल क्रमांक, पट्ट्याचं चामडं तसंच, दोरा, खळ, रंग, तेल, बक्कल वा गोंडा, आयात की देशी, कापणी, शिवण आणि वेणीची मजुरी, पॅकिंग, वाहतूक बंदरापर्यंत, नफा. बेरीज बिलावरच्या किमतीशी जुळली पाहिजे.

मजुरीच्या ओळीपाशी आमच्याकडे वाद झाला. वेणीला आजवर कुणी वेगळी मजुरी लिहिलीच नव्हती, बायका ‘घरचं काम’ म्हणून करत. विवरणात ती ओळ भरायची म्हणून दर ठरवावा लागला. आता तो दर बायकांच्या खात्यात जातो.

चामड्याची बिलं मागायची सवय आजपासून लावा. बाजारातून रोखीनं चामडं उचललं आणि बिल नसेल तर विवरणाला आधार उरत नाही. ही कागदपत्रं किमान पाच वर्षं जपून ठेवा, तपासणी नंतरही होऊ शकते.

आणि शब्द जुळवा. बिल, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टमकडे भरायचा कागद) आणि प्रमाणपत्र या चारही ठिकाणी वर्णन, नग, वजन आणि कोड अक्षरशः एकच हवेत. एका ठिकाणी ‘चप्पल’, दुसरीकडे ‘सँडल’ असं झालं की प्रश्न सुरू.

६. जीआय: नाव आपलं आहे, पण वापरायची नोंद करा

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते एकट्या कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं मिळून आहे. दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर ते आहे. हद्दीवरून एवढी भांडणं असताना चपलेनं मात्र दोन्ही सरकारांना एका अर्जावर आणलं.

जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्याच चपला कोल्हापुरीचं नाव न घेता दाखवल्या आणि गदारोळ झाला. नंतर त्यांनी प्रेरणा कुठली ते मान्य केलं. त्या गदारोळानंतर आमच्याकडे चौकशांचे मेल वाढले, त्यातले निम्मे फसवे होते. त्याबद्दल पुढे सांगते.

मानांकन आहे म्हणून तुम्हाला चिन्ह आपोआप वापरता येत नाही. प्रत्येक कारागिरानं चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून अर्ज करायचा असतो. फी नाममात्र आहे, वेळ मात्र लागतो. अकरा घरांचे अर्ज आम्ही एकाच दिवशी भरले. परदेशी व्यापाऱ्याला हे प्रमाणपत्र दाखवलं की दरावरची घासाघीस कमी होते, हा माझा अनुभव.

७. व्यापारी खरा आहे का?

फसवणुकीचं रूप ठरलेलं असतं. मोठी ऑर्डर, दर मान्य, आणि मग ‘आमच्या देशात नोंदणी करायला तुम्ही २०० डॉलर भरा’. कुठलाही खरा व्यापारी विक्रेत्याकडून नोंदणी फी मागत नाही. दुसरा प्रकार, दहा डिझाइनचे नमुने फुकट मागायचे. आम्ही एक नमुना फुकट देतो, बाकीच्याचे पैसे आणि कुरियर त्याचं.

व्यापाऱ्याकडून त्याच्या व्यापार परवान्याची प्रत मागा. अमिरातीतला परवाना ऑनलाइन पडताळता येतो. मेल कंपनीच्या नावाचा आहे का ते बघा. जमल्यास दुबईतल्या ओळखीच्या मराठी माणसाला दुकानापर्यंत जाऊन यायला सांगा. आमच्या पहिल्या व्यापाऱ्याच्या दुकानात चुलत्यांचे मित्र जाऊन चहा पिऊन आले होते. अहवाल एका ओळीचा: “दुकान हाय, गिऱ्हाईक बी हाय.”

पैशांची अट: ऑर्डरबरोबर ५० टक्के आगाऊ, बाकीचे बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीनं दिलेल्या मालाच्या पावतीची) स्कॅन प्रत दाखवल्यावर, मूळ प्रत पैसे आल्यावर. नव्या माणसाला उधारीवर माल देऊ नका. द्यायचाच असेल तर ईसीजीसी या निर्यात विम्याच्या सरकारी कंपनीचा विमा घ्या, त्यांच्या लहान निर्यातदारांसाठी पॉलिसी आहेत.

८. पॅकिंग, आणि बुरशीचा ऑगस्ट

बाभूळ आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं श्वास घेतं असं आमचे वडील म्हणतात. कंटेनरमध्ये त्याला घाम येतो. दुसरी खेप आम्ही ऑगस्टमध्ये पाठवली. तेल लावून तीन दिवसांत पेटीत भरल्या, बाहेर पाऊस धो धो. व्यापाऱ्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: पेटीच्या वरच्या थरातल्या चपलांच्या अंगठ्यांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी. चाळीस जोड गेले.

तेव्हापासून तेल लावल्यावर दहा दिवस सावलीत सुकवतो. प्रत्येक जोड कापडी पिशवीत, थरांमध्ये कोरा कागद, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधत नाही. पेटी ३० जोडांची, वीस-बावीस किलोची, एका माणसाला उचलता येईल अशी. लाकडी पॅलेट वापरलं तर त्यावर उष्णता-प्रक्रियेचा आयएसपीएम-१५ शिक्का हवा, नाहीतर बंदरावर अडकतं.

पुढे युरोपात जायचं असेल तर बुरशीनाशकाच्या पुड्यांत डायमिथाइल फ्युमरेट नको, तिथे २००९ पासून बंदी आहे. चामड्यात क्रोमियम सहाचं प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत लागतं. आपला तळ वनस्पतींनी कमावलेला असतो, पण पट्ट्याचं चामडं क्रोमचं असू शकतं, विक्रेत्याला विचारा आणि प्रयोगशाळेचा अहवाल घ्या.

९. माल निघतो

पहिले पाच-दहा जोड टपालानं पाठवा. टपाल खात्याची ‘डाकघर निर्यात केंद्रं’ आहेत, तिथून कस्टमचं टपाली निर्यात बिल ऑनलाइन भरता येतं, एजंट लागत नाही. सहाशे जोडांसाठी समुद्रमार्ग. वीस पेट्या म्हणजे साधारण दोन घनमीटर, त्यासाठी अख्खा कंटेनर नको. दुसऱ्यांच्या मालाबरोबर वाटून जातो, त्याला एलसीएल म्हणतात.

एलसीएलचा सापळा: इथला एजंट भाडं इतकं कमी सांगतो की आश्चर्य वाटतं. तो कमावतो तिकडे, उतरवण्याच्या खर्चात, आणि ते तुमच्या व्यापाऱ्याला भरावे लागतात. तो चिडतो, तुम्हाला कारण कळत नाही. दोन्हीकडचा खर्च लेखी मागा.

शिपिंग बिल भरताना एजंटला रोडटेपचा दावा ‘हो’ म्हणून नोंदवायला सांगा. ही आपण भरलेल्या, पण इतरत्र परत न मिळणाऱ्या करांची परतफेड आहे. शिपिंग बिलात ‘हो’ राहून गेलं तर नंतर मागायला गेलात तरी दार बंद असतं.

मालासोबतची फाइल: व्यापारी बिल, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, सेपाचं प्रमाणपत्र, विम्याचा कागद, एलयूटीची प्रत, ऑर्डरची प्रत. सगळं (बिल ऑफ लेडिंगचा मात्र मसुदा) स्कॅन करून माल निघायच्या आधी व्यापाऱ्याच्या क्लिअरिंग एजंटला पाठवा. तो चुका काढतो तेव्हा माल अजून आपल्या हातात असतो.

१०. कुणाला विचारायचं

जिल्हा उद्योग केंद्रात निर्यातीचं काम बघणारा माणूस असतो, त्याला भेटा. विदेश व्यापार महासंचालनालयाचं आमच्या भागासाठीचं कार्यालय पुण्यात आहे, त्यांच्या ‘निर्यात बंधू’ योजनेत नवख्यांना मार्गदर्शन मिळतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं ‘ट्रेड कनेक्ट’ हे व्यासपीठ सुरू केलं, त्यावर देशवार शुल्क आणि करारांची माहिती एकत्र बघता येते. मी रात्री जेवणं झाल्यावर त्यावर कोड टाकून बसते, आणि आई विचारते अजून किती देश राहिले.

११. पैसे आल्यावर

पैसे खात्यात आले म्हणजे काम संपलं नाही. बँक आलेल्या परकीय रकमेची नोंद टाकते, ती शिपिंग बिलाशी जोडून ई-बीआरसी, म्हणजे पैसे आल्याचा दाखला, तुम्ही स्वतः विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर तयार करायचं. शिपिंग बिलाचे कागद बँकेलाही देऊन तिथली नोंद जुळवून घ्या, नाहीतर बँकेच्या यादीत तुमचं शिपिंग बिल ‘पैसे न आलेलं’ म्हणून उघडं राहतं आणि पुढच्या वेळी बँक प्रश्न विचारते. व्यापाऱ्यानं काही रक्कम कापली असेल, आमच्यासारखी, तर त्याचं पत्र घेऊन बँकेला द्या. ४४० डॉलरचं शुल्क कापताना आमच्या व्यापाऱ्यानं दहा डॉलर बँक खर्चही कापला होता, त्या दहा डॉलरनं ती नोंद दोन महिने अडकून राहिली.

रोडटेपची रक्कम रोख येत नाही. ती कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर इलेक्ट्रॉनिक स्क्रिप म्हणून जमा होते, ज्यानं आयातदार शुल्क भरू शकतो. आपण आयात करत नसू तर ती विकता येते, दलाल थोडी सूट कापून घेतो. पहिल्या स्क्रिपचे पैसे वाटायचे की नाही यावर बैठक झाली. निपाणीचे मामा वाटायच्या बाजूनं होते. शेवटी त्यातून पुढच्या खेपेचं तळाचं चामडं घेतलं, बिलासकट.